मोहल्ला म्हणजे उतरण्याची जागा

‘मोहल्ला’ हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूमार्गे मराठीत आला. मूळ अरबी रूप ‘महल्ला’. तो ज्या धातूपासून बनला, त्याचे अर्थ आहेत गाठ सोडणे, ओझे उतरवणे, मुक्काम करणे. काफिला जिथे थांबला, माणसांनी जिथे सामान उतरवले, ती जागा मोहल्ला. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराचा अलीकडचा इतिहास वाचताना हा अर्थ सारखा आठवतो. तिथल्या गरीब वस्त्यांचा लढा ‘रेल्वे नको’ असा नव्हता. आमच्या दारावरून जाणारी गाडी आमच्याकडे थांबलीही पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

सेंट पॉल ही मिनेसोटा राज्याची राजधानी आणि मिनियापोलिस हे तिचे जोडशहर. या दोन शहरांना सांधणारा जुना रस्ता म्हणजे युनिव्हर्सिटी अव्हेन्यू. १८९० साली या रस्त्यावरून दोन्ही शहरांना जोडणारी विजेची ट्राम सुरू झाली. दुकाने, घरे, चर्च, शाळा या ट्रामच्या आधाराने वाढल्या. पुढे मोटारींचे दिवस आले आणि १९५४ पर्यंत दोन्ही शहरांतली ट्राम पूर्ण बंद झाली. रूळ गेले, बस आली.

ट्राम गेल्यावर काय आले, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. युनिव्हर्सिटी अव्हेन्यूच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर रोंडो नावाची वस्ती होती. सेंट पॉलमधल्या कृष्णवर्णीय समाजाचे ते काळीज. तिथे रेल्वेत नोकरी करणारे होते, शिक्षक होते, दुकानदार होते, त्यांची चर्च आणि वाचनालये होती. १९५० च्या दशकात दोन शहरांमध्ये महामार्ग बांधायचे ठरले. उत्तरेकडे रेल्वेच्या आवाराला लागून रस्ता न्यावा, असा पर्याय नगररचनाकार जॉर्ज हेरॉल्ड यांनी मांडला होता. तो बाजूला पडला आणि महामार्ग रोंडोच्या छातीवरून गेला. सहाशेहून अधिक कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे गेली. १९६८ मध्ये मार्ग खुला झाला. मोटारी वेगाने जाऊ लागल्या, आणि ज्यांच्या अंगणातून त्या जात होत्या त्यांच्यासाठी तिथे उरली ती एक खोल दरी.

म्हणून २००० नंतर युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरून हलकी रेल्वे नेण्याची योजना पुढे आली, तेव्हा जुन्या लोकांचा पहिला प्रश्न होता, ‘पुन्हा आमच्यावरूनच का?’ मिनियापोलिसमध्ये २००४ साली पहिला मार्ग सुरू झाला होता. आता दोन शहरांच्या मध्यवर्ती भागांना जोडणारा सुमारे १८ किलोमीटरचा दुसरा मार्ग होणार होता. रोंडोचे विखुरलेले वारस आणि उत्तरेकडच्या फ्रॉगटाऊनमध्ये स्थिरावलेले हमोंग व व्हिएतनामी निर्वासित याच पट्ट्यात राहत. मार्गाच्या मिनियापोलिसकडच्या टोकाला सीडर-रिव्हरसाइड हा भाग. सोमालियातल्या यादवी युद्धातून निसटलेल्या मुसलमान कुटुंबांनी १९९० नंतर तिथे बस्तान बसवले. वेगवेगळ्या देशांतून उखडले गेलेले लोक एकाच मार्गाच्या कडेला येऊन थांबले होते.

आराखडा पाहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत खुपली. सेंट पॉलच्या ज्या भागात मोटार नसलेली कुटुंबे जास्त, तिथेच थांबे विरळ होते. स्नेलिंग, लेक्सिंग्टन, डेल आणि राइस या थांब्यांमध्ये साधारण एकेक मैलाचे अंतर. बस मात्र दर थोड्या अंतरावर थांबत असे, आणि रेल्वे आल्यावर तिच्या फेऱ्या कमी होणार होत्या. मिनेसोटाच्या बर्फात म्हाताऱ्या माणसाने अर्धा मैल चालत स्टेशन गाठायचे. ज्यांना गाडीची सर्वाधिक गरज, त्यांच्याच हाती पूर्वीपेक्षा कमी पडणार होते.

असे का झाले? कोणा अधिकाऱ्याच्या मनात द्वेष होता म्हणून नव्हे. कारण एका सूत्रात होते. प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्र सरकार देणार होते, आणि त्यासाठी खर्च व प्रवाशांचा वाचलेला वेळ यांचे प्रमाण एका मर्यादेत बसवावे लागे. एक थांबा वाढवला की खर्च वाढतो, आणि लांबच्या प्रवाशाचे काही क्षण जातात. त्या हिशोबात गरिबाच्या दारातला थांबा हा तोटा ठरे. माणसे चुकीची नसली तरी मोजपट्टी चुकीची असली की अन्याय आपोआप होतो, आणि त्याला जबाबदार असा कोणी सापडतही नाही.

वस्त्यांनी हे नेमके ओळखले. कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर रहिवाशांच्या संघटना एकत्र आल्या. ‘स्टॉप्स फॉर अस’ या नावाने त्यांनी हॅमलिन, व्हिक्टोरिया आणि वेस्टर्न या तीन थांब्यांची मागणी केली. त्यांनी रूळ अडवले नाहीत. सूत्रच बदला, असा आग्रह धरला. जानेवारी २०१० मध्ये ओबामा सरकारचे वाहतूकमंत्री रे लाहूड यांनी तो कडक निकष सैल करून वस्तीच्या हिताचाही विचार होईल असे जाहीर केले. त्यानंतर लगेचच तिन्ही थांबे मंजूर झाले. एका शहरातल्या मोहल्ल्यांची मागणी देशाच्या धोरणातल्या बदलाशी जाऊन मिळाली, ही छोटी गोष्ट नव्हे.

थांबे मिळाले, तरी दुकानदारांचा प्रश्न उरला. रस्ता खणला गेला. रस्त्याकडेच्या पार्किंगच्या बहुतेक जागा कायमच्या गेल्या. नूडल्सचे हॉटेल, किराणा, केशकर्तनालय अशी घरच्या माणसांच्या बळावर चालणारी ही दुकाने. दोन उन्हाळे गिऱ्हाईक फिरकले नाही तर असे दुकान टिकत नाही. सेंट पॉलची एनएएसीपी आणि काही रहिवासी, व्यावसायिक न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये केंद्रीय न्यायाधीश डोनोव्हन फ्रँक यांनी काम थांबवले नाही. पण बांधकामाच्या काळात दुकानांच्या उत्पन्नात होणाऱ्या घटीचा पुरेसा अभ्यासच झालेला नाही, असा निर्णय दिला. लहान दुकानांना २० हजार डॉलरपर्यंत माफ होऊ शकणारी कर्जेही देण्यात आली.

याच मार्गावर मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळा आहेत. गाडीच्या कंपनाने आणि विद्युत्चुंबकीय परिणामाने नाजूक उपकरणे बिघडतील, अशी विद्यापीठाची तक्रार होती. ती खरी होती. कंपने मोजली गेली, वाटाघाटी झाल्या, रुळांखाली खास व्यवस्था झाली. ते योग्यच झाले. फरक इतकाच की प्रयोगशाळेचे कंपन मोजायला यंत्र आणि वकील दोन्ही हजर होते. किराणावाल्याच्या गल्ल्यातली घट मोजावी लागते, हे न्यायालयाला सांगावे लागले.

१४ जून २०१४ रोजी ‘ग्रीन लाइन’ सुरू झाली. एकूण २३ थांबे, खर्च सुमारे ९५.७ कोटी डॉलर. २०१५ मध्ये कामाच्या दिवशी सरासरी ३७ हजारांहून अधिक प्रवासी तिने जात. मोटार नसलेल्या कामगाराला दोन्ही शहरांतल्या नोकऱ्या जवळ आल्या. वेस्टर्न थांब्याच्या परिसरातल्या आशियाई दुकानदारांनी ‘लिटल मेकाँग’ या नावाने आपला बाजार उभा केला. दुसऱ्या बाजूला नव्या इमारती आल्या आणि घरभाडे परवडेल का, ही काळजीही आली. गाडीने फायदा झाला हे खरे. तो सगळ्यांना सारखा झाला नाही, हेही तितकेच खरे.

आता हाच मार्ग नैर्ऋत्येकडच्या उपनगरांत सुमारे २३ किलोमीटर वाढवला जात आहे. त्यात केनिलवर्थ नावाचा, तळ्यांजवळच्या सधन वस्तीतून जाणारा पट्टा लागतो. तिथे मालगाडी, सायकलमार्ग आणि नवी रेल्वे एकत्र बसेनात, रहिवाशांचा विरोधही मोठा. अखेर काही अंतर बोगदा करायचे ठरले. बोगद्याचे काम अवघड निघाले, वर्षे लांबली, आणि प्रकल्पाचा एकूण खर्च २ अब्ज डॉलरवरून पावणेतीन अब्जांच्या पुढे गेला. वाढीची कारणे अनेक आहेत. तरी फ्रॉगटाऊनच्या माणसाच्या मनात प्रश्न येणारच. आम्हाला तीन साधे थांबे देताना काही क्षणांचा हिशोब लावला गेला होता, तो इथे कुठे गेला?

२०१५ मध्ये सेंट पॉलचे महापौर ख्रिस कोलमन यांनी रोंडोच्या उद्ध्वस्तीबद्दल जाहीर माफी मागितली. महामार्गावर छत टाकून दुभंगलेली वस्ती पुन्हा जोडावी, अशी मागणी आजही होते. माफी चांगलीच. पण माफी मागायची वेळ येऊ न देणे अधिक चांगले, आणि त्याचा काळ असतो आराखडा कागदावर असतानाचा. रोंडोला त्या वेळी कोणी विचारले नाही. पन्नास वर्षांनी त्याच परिसरातले लोक विचारले जाण्याची वाट न पाहता आकडे घेऊन बैठकीला गेले.

विकास म्हटला की आपल्याकडे दोनच बाजू धरल्या जातात, ‘पाहिजे’ किंवा ‘नको’. सेंट पॉलच्या मोहल्ल्यांनी तिसरी बाजू दाखवली. गाडी येऊ द्या, पण ती कुठे थांबते, खोदकामात कोणाचे पोट मारले जाते आणि कोणत्या सूत्राने हे ठरले, ते आम्हाला दाखवा. हॅमलिन, व्हिक्टोरिया, वेस्टर्न ही तीन नावे आज तिथल्या नकाशावर आहेत, कारण कोणीतरी सूत्र मागून घेतले, वाचले आणि त्यावर बोट ठेवले.