डिस्टोपियन कादंबरीतील अभ्यवेक्षण

डिस्टोपियन कादंबरीतील अभ्यवेक्षण : आदर्श राज्याची कल्पना उलटवून संपूर्ण नियंत्रणाखालील समाजाचे भयावह चित्र रेखाटणाऱ्या कादंबरीस डिस्टोपियन कादंबरी म्हणतात. लिखित वा उच्चारित मजकुराची सत्तेने तपासणी करून तो रोखणे, छाटणे अथवा बदलणे म्हणजे अभ्यवेक्षण किंवा सेन्सॉर. या कादंबऱ्यांत अभ्यवेक्षण हे समाजनियंत्रणाचे मुख्य साधन म्हणून येते. विसाव्या शतकातील चार प्रमुख कादंबऱ्यांतून त्याची निरनिराळी रूपे दिसून येतात. या चारही कृतींना स्वतःच अभ्यवेक्षणास तोंड द्यावे लागले, ही गोष्ट त्यांच्या आशयाइतकीच उद्बोधक आहे.

आदर्श राज्याच्या मूळ कल्पनेतच अभ्यवेक्षणाचे बीज आढळते. मुलांना सांगावयाच्या कथांवर राज्याची देखरेख असावी, असे प्लेटोने ‘रिपब्लिक’ या संवादग्रंथात प्रतिपादिले. टॉमस मोरच्या ‘यूटोपिया’त (१५१६) अधिकृत सभांबाहेर राज्यकारभारासंबंधी खलबत करणे हा देहान्त शिक्षेस पात्र असा गुन्हा मानला आहे. ‘डिस्टोपियन’ या अर्थाचा शब्द जॉन स्ट्यूअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेतील भाषणात वापरला. वाङ्मयप्रकाराचे नाव म्हणून तो पुढे विसाव्या शतकात रूढ झाला. आदर्श राज्य संस्थापकाच्या दृष्टीने वर्णिलेले असते, तर डिस्टोपियन कादंबरी तेच राज्य त्यात राहावे लागणाऱ्या नागरिकाच्या दृष्टीने पाहते.

रशियन लेखक येव्हगेनी झाम्यातिन (१८८४–१९३७) याने १९२०-२१ मध्ये लिहिलेली ‘वुई’ (म. शी. आम्ही) ही या परंपरेतील पायाभूत कृती होय. झाम्यातिन नौका-अभियंता होता. झारशाहीविरुद्धच्या चळवळीत त्याने तुरुंगवास भोगला होता आणि तरुणपणी तो बोल्शेव्हिक पक्षातही होता. त्याच्या कादंबरीतील ‘एकराज्या’त माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि दिवसाचा प्रत्येक तास वेळापत्रकाने बांधलेला आहे. शेवटी शस्त्रक्रियेने नागरिकांची कल्पनाशक्तीच काढून टाकण्यात येते. सोव्हिएट रशियात ‘ग्लावलित’ ही केंद्रीय अभ्यवेक्षण संस्था जून १९२२ मध्ये स्थापन झाली, म्हणजे कादंबरी लिहून झाल्यानंतर. तथापि तिच्या मायदेशातील प्रकाशनास परवानगी मिळाली नाही. तिचे इंग्रजी भाषांतर १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाले. रशियन मजकुराचा काही भाग १९२७ मध्ये प्राग येथील निर्वासितांच्या नियतकालिकात आला आणि १९२९ मध्ये झाम्यातिनविरुद्ध जोरदार मोहीम उघडण्यात आली. लेखकाला लिहू न देणे ही त्याच्या दृष्टीने मृत्युदंडासारखीच शिक्षा आहे, अशा आशयाचे पत्र त्याने १९३१ मध्ये स्टालिनला लिहिले. मॅक्सिम गॉर्कीच्या मध्यस्थीने त्याला देश सोडण्याची परवानगी मिळाली. पॅरिस येथे तो निवर्तला. संपूर्ण रशियन मजकूर न्यूयॉर्क येथे १९५२ मध्ये, तर सोव्हिएट संघात १९८८ मध्ये प्रकाशित झाला.

ऑल्डस हक्सली (१८९४–१९६३) याच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (१९३२) नियंत्रणाचे निराळे तंत्र आहे. तेथे जुने ग्रंथ जगन्नियंत्रकाच्या तिजोरीत बंद आहेत. पण मुख्य भर बंदीवर नाही. पुस्तके दाखवून तान्ह्या मुलांना विजेचे धक्के दिले जातात, त्यामुळे वाचनाची घृणा त्यांच्या मनात कायमची रुजते. झोपेत ऐकविलेली वचने आणि ‘सोमा’ नावाची गुंगी आणणारी गोळी उरलेले काम करतात. वाचावे अशी इच्छाच उरली नाही, तर पुस्तक जप्त करण्याचे कारण पडत नाही. या कादंबरीवर आयर्लंडमध्ये व ऑस्ट्रेलियात १९३२ मध्येच बंदी आली. ऑस्ट्रेलियातील बंदी १९३७ मध्ये उठली.

जॉर्ज ऑर्वेल (१९०३–५०) याने ‘वुई’चे परीक्षण जानेवारी १९४६ मध्ये ‘ट्रिब्यून’ या साप्ताहिकात लिहिले आणि त्याची ‘नाइन्टीन एटीफोर’ ही कादंबरी जून १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर सत्ताधारी पक्षाच्या सोयीप्रमाणे बदलण्याचे काम करतो. मूळ प्रती जाळल्या जातात. ‘न्यूस्पीक’ या नव्या भाषेत शब्दसंख्या कमी करून बंडखोर विचार शब्दांत मांडणेच अशक्य करावयाचे असते. अभ्यवेक्षणाचे लक्ष्य येथे ग्रंथावरून स्मृतीकडे व भाषेकडे सरकते. ऑर्वेलला या व्यवहाराचा जवळून परिचय होता. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४३ या काळात तो बी.बी.सी.च्या पूर्व विभागात भारतासाठी कार्यक्रम तयार करीत असे. तेथील संहिता प्रसारणापूर्वी तपासून संमत करून घ्याव्या लागत. मराठी व गुजराती वार्तापत्रांचे मूळ इंग्रजी मसुदे त्याने लिहिले आणि वेणू चितळे या मराठी लेखिका तेथे त्याच्या सहकारी होत्या. त्याची ‘ॲनिमल फार्म’ ही रूपककथा १९४४ मध्ये एका प्रकाशकाने ब्रिटिश माहिती मंत्रालयातील अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून नाकारली. ती १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारी बंदी नसतानाही अप्रिय विचार कसे दडपले जातात, हे सांगणारी तिची नियोजित प्रस्तावना मात्र १९७२ पर्यंत अप्रकाशित राहिली.

ऑर्वेलच्या कल्पनेला लवकरच वास्तवाचा दुजोरा मिळाला. लाव्ह्रेंती बेरिया या सोव्हिएट नेत्याचा १९५३ मध्ये पाडाव होऊन त्याला देहदंड देण्यात आला. त्यानंतर ‘बृहत् सोव्हिएट विश्वकोशा’च्या ग्राहकांकडे नवी पाने पाठविण्यात आली. पाचव्या खंडातील बेरियावरील नोंद असलेली पाने कापून काढावीत व त्या जागी, बेरिंग समुद्रासारख्या विषयांची माहिती असलेली ही पाने बसवावीत, अशी सूचना त्यांना देण्यात आली. संदर्भग्रंथावर वाचक विश्वास ठेवतो आणि त्यातून काय गळले, हे त्याला सहसा कळत नाही. म्हणूनच अशा ग्रंथातील फेरफार उघड ग्रंथबंदीहून अधिक परिणामकारक ठरतो. ‘नाइन्टीन एटीफोर’ ही कादंबरी १९८९ मध्ये मॉस्कोच्या ‘नोव्ही मीर’ मासिकात क्रमशः छापली गेली.

अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी (१९२०–२०१२) याच्या ‘फॅरेनहाइट ४५१’मध्ये (१९५३) अग्निशामक दलाचे काम आग विझविणे हे नसून पुस्तके जाळणे हे आहे. मे १९३३ मधील नाझी राजवटीतील ग्रंथदहन आणि मॅकार्थी-काळातील संशयाचे वातावरण यांची या कथेला पार्श्वभूमी आहे. मात्र दलाचा प्रमुख सांगतो त्याप्रमाणे आरंभ राज्याने केलेला नसतो. वाचकांना संक्षेप व करमणूक हवी असते, प्रत्येक गटाला आपणास खटकणारा मजकूर नको असतो. सरकार शेवटी येते. या कादंबरीच्या १९६७ मधील शालेय आवृत्तीत प्रकाशकाने लेखकाला न कळविता सुमारे ७५ ठिकाणी फेरफार केले. पुढे तोच छाटलेला मजकूर सर्वसाधारण आवृत्तीतूनही विकला गेला. ही गोष्ट १९७९ मध्ये उघडकीस आली व १९८० मध्ये मूळ संहिता पुन्हा छापण्यात आली. मधल्या काळातील वाचकांनी ग्रंथदहनाचा निषेध करणारी कादंबरी वाचली, पण ती अपुरी आहे याची त्यांना जाणीव नव्हती.

बंदी घातलेला ग्रंथ निदान बंदी म्हणून तरी लक्षात राहतो. ‘वुई’ हस्तलिखितातून व परदेशी आवृत्त्यांतून टिकली, कारण तिच्या अनुपस्थितीची जाणीव काही वाचकांना होती. याउलट बदललेले पान व छाटलेली आवृत्ती त्या जाणिवेलाच वाव देत नाही. जुन्या प्रती जपून त्यांच्याशी नव्या प्रती ताडून पाहणे हाच त्यावरील उपाय होय. नेमके हेच विन्स्टन स्मिथच्या राज्यात अशक्य केलेले असते. ब्रॅडबरीच्या कादंबरीत प्रत्येकी एक ग्रंथ मुखोद्गत करून रानात भटकणारी माणसे त्यासाठीच जगत असतात.