चोरांच्या बोलीतून फौजेत

चाळीस वर्षं मी नाटकांचे पडदे रंगवले. मांजरपाट ताणायचं, सरस द्यायचा, वाळला की पावडरीच्या रंगांत वाडा उभा करायचा. म्हणून 'कॅमोफ्लाज' या शब्दाला फौजेत आमच्याच पेशातल्या माणसांनी नेलं हे कळलं, तेव्हा मला फार अभिमान वाटला.

इंग्रजांनी हा शब्द पहिल्या महायुद्धात, 1917 च्या सुमारास फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंचमध्ये 'कामुफ्ले' म्हणजे सोंग घेणं, रूप पालटणं. एकोणिसाव्या शतकात तो पॅरिसच्या चोरांच्या बोलीत होता. मूळ बहुधा इटालियन 'कामुफ्फारे'. तसाच उच्चार असलेला आणखी एक जुना फ्रेंच शब्द आहे, त्याचा अर्थ कुणाच्या तोंडावर सोडलेला धूर. दोन्ही शब्दांची सरमिसळ झाली असावी, असं भाषेचे जाणकार मानतात. मला ते पटतं.

1914 साली फ्रेंच शिपाई लाल तुमानी घालून लढाईला गेले आणि दुरूनच टिपले गेले. त्याच शरद ऋतूत मार्सेयच्या बंदरात उतरलेले हिंदी जवान मात्र खाकीत होते. 'खाक' म्हणजे माती, धूळ. तो रंग 1840 च्या दशकात पेशावरकडच्या गाईड्स पलटणीने अंगावर घेतला होता.

गिराँ द सेव्होला हा व्यक्तिचित्रं काढणारा चित्रकार 1914 साली फ्रेंच तोफखान्यात होता. तोफ लपवायला त्याने रंगवलेलं कापड वापरून पाहिलं. 1915 मध्ये फ्रेंच फौजेने या कामासाठी वेगळी तुकडीच काढली. तिच्यात चित्रकार आले, शिल्पकार आले, नेपथ्यकार आले. बिल्ल्यावर सरडा होता. इंग्रजांनी 1916 मध्ये आपली तुकडी उभारली आणि तिला 'स्पेशल वर्क्स पार्क' असं काहीच न सांगणारं नाव दिलं.

या तुकड्यांनी केलेली खोटी झाडं मला सगळ्यांत थोर वाटतात. दोन फौजांमधल्या पट्ट्यात तोफांनी मोडलेलं एखादं झाड निवडायचं. चित्रकाराने जवळ सरपटत जाऊन त्याची मापं आणि रेखाटनं घ्यायची. मागे कारखान्यात पोलादी नळीचं तसंच झाड घडवायचं, वर खडबडीत साल चढवायची. मग एका रात्री तोफांच्या आवाजाआड खरं झाड पाडून त्याच जागी हे रोवायचं. आत शिडी, वर बसायला लहानशी जागा, डोळ्यांपुढे फट. सकाळी शत्रूला कालचंच झाड दिसे.

पडदेवाल्याला सावलीची भीती असते. कापडाला एक सुरकुती पडली, बाजूने दिवा लागला, की रंगवलेली भिंत लगेच कापड दिसते. तुकड्यांतल्या चित्रकारांनाही तीच धास्ती होती, कारण विमानातून काढलेल्या फोटोत तोफेआधी तिची सावली दिसायची. म्हणून जाळ्यांवर चिंध्या बांधून ते सावलीची कडच मोडून टाकत.

त्याच वर्षांत कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटककंपन्यांचे पडदे रंगवत होते. जर्मनांनी केलेलं असंच एक पोलादी झाड आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात जपलेलं आहे. आपले पडदेही तसेच जपायला हवेत. तुमच्या गावच्या जुन्या थिएटरच्या माळ्यावर एखादा रंगवलेला पडदा गुंडाळून पडला असेल, तर तो रद्दीत देऊ नका.