सेलमध्ये गिटार घेताय? अकूस्टिक की क्लासिकल, आणि डिस्काउंट खरा की खोटा – संपूर्ण माहिती

दिवाळीचा सेल असो, रिपब्लिक डे सेल असो किंवा वर्षअखेरचा, शॉपिंग ॲप उघडलं की "गिटारवर ६० टक्के सूट" हे बॅनर दिसतंच. मला बरेच जण लिंक पाठवून विचारतात, "ही घेऊ का? खूप स्वस्त मिळतेय." माझं उत्तर नेहमी एकच असतं: किती टक्के सूट आहे ते नंतर बघू, आधी ती वाजवता येईल का ते बघू.

कारण साधं आहे. गिटार शिकायला सुरुवात केलेल्या माणसाला चांगली आणि वाईट गिटार यातला फरक कळत नाही. तारा खूप उंच असतील तर बोटं दुखतात, कॉर्ड नीट वाजत नाही आणि वाटतं, "आपल्याला जमतच नाही." महिनाभरात गिटार कपाटावर जाते. दोष हाताचा नसतो, गिटारचा असतो. म्हणून या लेखात आपण सेलची किंमत कशी तपासायची आणि घरी आलेली गिटार मोबाईल आणि एटीएम कार्डच्या मदतीने कशी तपासायची, ते पाहणार आहोत.

अकूस्टिक आणि क्लासिकल गिटारमध्ये फरक काय?

दोन्ही गिटार विजेशिवाय वाजतात, दोन्ही पोकळ लाकडी असतात. पण त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

- तारा: अकूस्टिक गिटारला स्टीलच्या तारा असतात. क्लासिकलच्या बारीक तीन तारा नायलॉनच्या, आणि जाड तीन तारा आतून धाग्यांच्या पण वरून धातूची बारीक तार गुंडाळलेल्या असतात.
- नेकची रुंदी: नट म्हणजे नेकच्या टोकाची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. तिथे अकूस्टिकचा नेक साधारण ४३ मिलिमीटर रुंद असतो, क्लासिकलचा साधारण ५२. एटीएम कार्डची आखूड बाजू ५४ मिलिमीटर असते, त्यावरून अंदाज घ्या.
- आवाज: स्टीलचा आवाज खणखणीत, नायलॉनचा मऊ.
- उपयोग: हिंदी-मराठी गाणी कॉर्ड धरून गायची असतील तर अकूस्टिक. बोटांनी सुटे सूर वाजवायचे असतील, नोटेशन वाचून शिकायचं असेल तर क्लासिकल.

बोटांना नायलॉन सोपं जातं, हे खरं. पण क्लासिकलचा नेक रुंद असल्यामुळे लहान हाताला काही कॉर्ड अवघड जातात. त्यामुळे "नवशिक्याने क्लासिकलच घ्यावी" असा नियम नाही. तुम्हाला कोणती गाणी वाजवायची आहेत, त्यावर ठरवा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा कधीही लावू नका. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलोच्या आसपास असतो, नायलॉनचा साधारण ४०. क्लासिकलचं लाकूड तेवढ्या ताणासाठी बनवलेलंच नसतं. ब्रिज उखडू शकतो, नेक वाकू शकतो.

६० टक्के सूट म्हणजे नेमकी किती सूट?

एक उदाहरण घेऊ. समजा एका गिटारची एमआरपी ९,९९९ रुपये लिहिली आहे आणि सेलमध्ये ती ३,९९९ ला मिळतेय. ॲप म्हणतं ६० टक्के ऑफ. पण तीच गिटार वर्षभर ४,२९९ ला विकली जात असेल, तर तुमची खरी बचत फक्त ३०० रुपये, म्हणजे सुमारे ७ टक्के.

एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किती किमतीला विकता येईल तो आकडा. वस्तू रोज त्या किमतीला विकली जाते, असा त्याचा अर्थ नाही. म्हणून एमआरपीशी तुलना करू नका, जुन्या विक्री किमतीशी करा. त्यासाठी:

१. किमतीचा इतिहास दाखवणारी टूल्स वापरा. कीपा, बायहटके यांसारख्या टूल्सवर गेल्या काही महिन्यांचा ग्राफ दिसतो.
२. सेलच्या महिनाभर आधीच गिटार विशलिस्टमध्ये टाका आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. हा सगळ्यात सोपा उपाय.
३. तेच मॉडेल वाद्यांच्या दुकानाच्या वेबसाइटवर शोधा. कधीकधी तिथे सेल नसतानाही तीच किंमत असते.

"फक्त २ शिल्लक", "१० मिनिटांत ऑफर संपणार" असं दिसलं की घाई करू नका. खोटी घाई निर्माण करणं आणि न विचारता कार्टमध्ये जादा वस्तू टाकणं, या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या डार्क पॅटर्न नियमावलीत मोडतात. त्यात असे १३ प्रकार दिले आहेत. पेमेंटच्या आधी कार्ट एकदा नीट बघा.

माझा हिशोब असा असतो:

खरी किंमत = सेल किंमत + डिलिव्हरी + सेटअप + नव्या तारा + बॅग

सेटअप म्हणजे कारागिराकडून तारांची उंची, नट आणि ब्रिज नीट करून घेणं. अगदी स्वस्त गिटारला याची गरज बहुतेक वेळा पडते. हा खर्च जोडला की कधीकधी थोडी महाग, पण आधीच सेटअप केलेली गिटार स्वस्त पडते.

लिस्टिंग वाचताना काय बघायचं?

- फोटो झूम करा. क्लासिकलच्या डोक्याला दोन लांब खाचा असतात आणि तारा ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या असतात. अकूस्टिकच्या ब्रिजवर सहसा सहा गोल पिना दिसतात. काही लिस्टिंगमध्ये नावात "अकूस्टिक क्लासिकल" असं दोन्ही लिहिलेलं असतं, तिथे नावावर नाही, फोटोवर विश्वास ठेवा.
- साइज बघा. ३८ इंच ही लहान बांध्याची गिटार असते, ४० आणि ४१ इंच मोठी. बारीक चणीच्या किंवा शाळकरी मुलांना ४१ इंच अंगावर मोठी होते. फुल साइज क्लासिकल साधारण ३९ इंच असते.
- टॉप कोणता आहे? "सॉलिड" म्हणजे समोरची फळी अखंड लाकडाची. "लॅमिनेटेड" म्हणजे प्लायसारखे थर चिकटवलेली. फक्त "स्प्रूस टॉप" लिहिलं असेल आणि सॉलिड हा शब्द नसेल, तर लॅमिनेटेड समजा. पहिल्या गिटारसाठी लॅमिनेटेड अजिबात वाईट नाही.
- ट्रस रॉड आहे का? ही नेकच्या आत बसवलेली लोखंडी सळई. तिच्यामुळे नेकचा बाक कमी-जास्त करता येतो. स्टीलच्या तारांच्या गिटारला ही हवीच. बहुतेक क्लासिकल गिटारला ती नसते, तिथे काळजी नको.
- कॉम्बोला भुलू नका. बेल्ट, पिक, कापडी कव्हर, ट्यूनर असं बरंच काही "फ्री" दाखवतात. ट्यूनर तर तुमच्या फोनमध्ये ॲप टाकून फुकट मिळतो.

तुलनेसाठी दोन ओळखीची मॉडेल्स सांगतो. यामाहा सी४० ही क्लासिकल आहे: तारेची वाजणारी लांबी ६५० मिलिमीटर, नट ५२ मिलिमीटर. यामाहा एफ३१० ही अकूस्टिक आहे: ६३४ आणि ४३ मिलिमीटर. हीच घ्या असं मी म्हणत नाही. पण ज्या लिस्टिंगमध्ये अशी मापं दिलेलीच नाहीत, तिथे विक्रेत्याला प्रश्न विचारा.

कोणती सूट चांगली, कोणती धोक्याची?

चांगली सूट: मॉडेल बंद होतंय, रंग कमी खपतोय, डिस्प्लेला ठेवलेला पीस आहे, बॉडीवर छोटा ओरखडा आहे. याने आवाजात काही फरक पडत नाही. दुकानात जाऊन "डिस्प्ले पीस आहे का?" असं विचाराच.

धोक्याची सूट: ब्रिज उचललेला, नेकला भेग, डोकं तुटून चिकटवलेलं, रिटर्न नाही. "नो रिटर्न" लिहिलेली गिटार कितीही स्वस्त असली तरी मी न बघता घेत नाही.

गिटार घरी आली: १५ मिनिटांची तपासणी

रिटर्नची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून हे त्याच दिवशी करा. ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर गिटार बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका.

१. अनबॉक्सिंग व्हिडिओ. लेबल दिसेल असं सुरू करा आणि मध्ये न थांबवता पूर्ण गिटार दाखवा.

२. ट्यूनिंग. गिटारट्यूना किंवा फेंडर ट्यूनसारखं ॲप टाका. ट्यूनरला फक्त मायक्रोफोनची परवानगी लागते. कॉन्टॅक्ट किंवा लोकेशन मागितलं तर नाकारा. जाड तारेपासून सूर असे: ई, ए, डी, जी, बी, ई. नव्या नायलॉन तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात, तो दोष नाही.

३. कार्ड टेस्ट. एटीएम कार्डची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. आकडे उठावदार नसलेली सपाट कार्डं घ्या, एकावर एक ठेवा आणि बाराव्या फ्रेटवर सर्वात जाड तारेखाली हळूच सरकवा.
- अकूस्टिक: तीन कार्डं म्हणजे साधारण २.३ मिलिमीटर, छान. चार कार्डं जाऊनही जागा उरत असेल तर तारा उंच आहेत.
- क्लासिकल: चार ते पाच कार्डं नॉर्मल. पाचाच्या वर गेलं तर त्रास होणार.

४. नेकचा बाक. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे एकाच वेळी दाबा. मधल्या भागात तार आणि फ्रेट यांच्यात जाड कागदाएवढी फट हवी. मोठी फट असेल तर नेक वाकलाय. विक्रेत्याला फोटो पाठवताना वाइड लेन्स वापरू नका, त्यात सरळ रेषाही वाकडी दिसते. दोन पट झूम करून काढा.

५. बाराव्या फ्रेटचा सूर. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर शून्यावर आणा. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर हलकी दाबून वाजवा. सूर तोच, फक्त एक सप्तक वर यायला हवा. उदाहरणार्थ, ए तार मोकळी ११० हर्ट्झ, बाराव्यावर २२० हर्ट्झ. काटा पाचेक सेंट इकडेतिकडे चालेल. १५-२० सेंटचा फरक असेल तर कॉर्ड कायम बेसूर वाटणार.

६. प्रत्येक फ्रेट. सहाही तारा प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. कुठे खरखर येते ते फोनवर रेकॉर्ड करा. व्हिडिओत तारा लाटेसारख्या हलताना दिसल्या तर घाबरू नका, तो मोबाईल कॅमेऱ्याचा परिणाम आहे.

तिसरी, चौथी किंवा पाचवी टेस्ट जोरात फसली, तर "नंतर बघू" म्हणू नका. सरळ रिटर्न टाका.

सेकंड हँड घेताना

जुनी, चांगल्या कंपनीची गिटार ही बऱ्याचदा सगळ्यात फायद्याची खरेदी असते, कारण शिकणं सोडलेल्यांच्या गिटारी फारशा वापरलेल्या नसतात. पण प्रत्यक्ष भेटूनच घ्या आणि वरच्या टेस्ट तिथेच करा. "आर्मीत आहे, बदली झाली, आधी पैसे पाठवा, कुरिअर करतो" अशी कथा ऐकली की थांबा. आणि तुम्ही जुनी गिटार विकत असाल तर लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे *घ्यायला* कधीही पिन टाकावा लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. विक्रेता रिटर्न नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

हवामानाचा विचार

गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकण, मुंबई, गोव्यात पावसाळ्यात लाकूड फुगतं, टॉप वर येतो आणि तारा उंच होतात. विदर्भात उन्हाळ्यात उलट होतं, लाकूड आकसून भेग पडू शकते. सॉलिड टॉपला हा त्रास जास्त, लॅमिनेटेडला कमी. गिटार बॅगेत ठेवा, भिंतीच्या ओलीपासून आणि कूलरच्या झोतापासून लांब ठेवा.

थोडक्यात सांगायचं तर

आधी प्रकार ठरवा, मग साइज, मग रिटर्न पॉलिसी, आणि सगळ्यात शेवटी सूट बघा. बजेट कमी असेल तर मी नव्या चमकदार कॉम्बोपेक्षा ओरखडा असलेला डिस्प्ले पीस किंवा तपासून घेतलेली जुनी गिटार निवडेन. जवळ वाद्यांचं दुकान असेल तर एकदा जाऊन दोन-तीन गिटारी हातात धरून बघा, विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. तारा सहज दाबल्या जाणं म्हणजे काय, हे एकदा बोटांना कळलं की ऑनलाइन गिटार निवडणंही सोपं जातं.

तुमच्या ओळखीत कोणी सेलची वाट बघत असेल, तर ऑर्डर टाकायच्या आधी त्याला ही माहिती नक्की पाठवा!