हैदराबाद संस्थानातील हिंसा आणि स्त्रिया (१९४७-१९४९) : दहशतवादविरोधी धोरणातील लिंगभाव दृष्टिकोनासाठी मराठवाड्याचा दाखला

१. प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव संमत केला आणि शांतता व सुरक्षेच्या प्रश्नांत स्त्रियांच्या सहभागाला प्रथमच स्वतंत्र स्थान दिले. त्यानंतर १३ ऑक्टोबर २०१५ च्या २२४२ क्रमांकाच्या ठरावाने दहशतवादविरोधी आणि हिंसक अतिरेकवाद रोखण्याच्या कार्यातही लिंगभाव दृष्टिकोन अंतर्भूत करण्याचे आवाहन सदस्य राष्ट्रांना केले. दहशतवादविरोधी उपायांचा स्त्रियांच्या हक्कांवर कोणता परिणाम होतो याचा अभ्यास व्हावा, ही त्या ठरावातील महत्त्वाची अपेक्षा होय. या विषयावरील चर्चेत इराक, सीरिया व नायजेरिया येथील उदाहरणे नेहमी दिली जातात. मराठवाड्यातील अभ्यासकाला मात्र तितके दूर जाण्याची आवश्यकता नाही. १९४७ ते १९४९ या काळातील हैदराबाद संस्थानाचा अनुभव या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा आहे.

'दहशतवाद' आणि 'अतिरेकवाद' या संज्ञा आजच्या अर्थाने त्या काळात वापरात नव्हत्या. त्यामुळे त्या मागे नेऊन लावताना सावधगिरी हवी. तथापि विशिष्ट राजकीय सत्ता टिकवण्यासाठी सामान्य नागरिकांत भय पसरवणारी सशस्त्र संघटना, तिच्याविरुद्ध राज्यसंस्थेची कारवाई आणि त्यानंतरची सूडाची लाट हे तिन्ही टप्पे या इतिहासात स्पष्ट दिसतात. स्त्री ही समाजाची 'अब्रू' आहे ही कल्पना हल्लेखोर, सूड घेणारे आणि शासन या तिघांनीही कमी-अधिक प्रमाणात गृहीत धरली होती. परिणामी कारवाई यशस्वी झाली तरी स्त्रियांवरील हिंसा थांबली नाही, तिचे लक्ष्य बदलले. हे प्रतिपादन प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

२. पार्श्वभूमी : संस्थान, रझाकार आणि सीमाभाग

औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे निजामाच्या राज्यात होते. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे मल्लिनाथाच्या जैन क्षेत्रामुळे ज्ञात असलेले गाव, शेजारचे वसमत आणि इंग्रजांच्या काळात लष्करी छावणी असलेले हिंगोली हा सारा टापू त्या वेळी परभणी जिल्ह्यातच मोडत होता. उत्तरेस पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागत असे. ही भौगोलिक स्थिती पुढील घटनांच्या आकलनासाठी महत्त्वाची आहे.

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये स्थापन होत असतानाच हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हा लढा पुढे गेला. दुसरीकडे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे मजलिस इत्तेहादुल मुसलमीनचे नेतृत्व आले आणि तिची रझाकार ही स्वयंसेवक शाखा शस्त्रधारी झाली. २९ नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' करारानंतरही जाळपोळ, लूट व हत्या थांबल्या नाहीत. असंख्य कुटुंबांनी सीमेपलीकडे आश्रय घेतला. उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसची सशस्त्र शिबिरे उभी राहिली.

हा संघर्ष सरळसरळ हिंदू विरुद्ध मुसलमान असा नव्हता. रझाकारांवर निर्भीड टीका करणारे 'इमरोज'चे संपादक शोएब उल्लाखान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही.

३. स्त्रियांचा सहभाग : नोंदलेला आणि न नोंदलेला

अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ आणि शिरड शहापूरच्याच परिसराशी नाते असलेल्या नरहर कुरुंदकर यांचे 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' हे लेखन या इतिहासाच्या अभ्यासाचा पाया मानले जाते. मुक्तिसंग्रामाच्या लोकस्मृतीत काही स्त्रियांची नावे आदराने घेतली जातात. बदनापूर परिसरातील दगडाबाई शेळके यांनी प्रत्यक्ष शस्त्र हाती घेतले. आशाताई वाघमारे, गीताबाई चारठाणकर, कावेरीबाई बोधनकर, प्रतिभाताई वैशंपायन यांचाही उल्लेख होतो. परंतु या नावांची मांडणी बहुधा 'मराठवाड्याची झाशीची राणी' या धर्तीवर होते. वीरांगना हा अपवाद ठरतो आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या सामान्य स्त्रीचे कार्य नियम म्हणून नोंदले जात नाही.

वस्तुतः भूमिगत चळवळ टिकली ती घराच्या आधारावर. रात्री-अपरात्री आलेल्या कार्यकर्त्याला भाकरी देणे, निरोप पोहोचवणे, कागदपत्रे व शस्त्रे दडवणे, झडतीच्या वेळी घरात एकटीने उभे राहणे आणि पती सीमेपलीकडे गेल्यावर शेती व मुले सांभाळणे ही कामे स्त्रियांनी केली. यांपैकी प्रत्येक कामात जिवाचा धोका होता. गावावर धाड येणार याची चाहूल अनेकदा पाणवठ्यावर व बाजारात प्रथम लागत असे. आजच्या परिभाषेत ज्याला 'पूर्वसूचना' म्हणतात, ती यंत्रणा अशा अनौपचारिक संपर्कातूनच चालत होती. तथापि शिबिरांचे नेतृत्व, योजना व निर्णय पुरुषांच्या हाती राहिले आणि इतिहासाने निर्णयांनाच घटना मानले. वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय हुतात्मा बहिर्जी शिंदे यांची स्मृती उचितपणे जपते. अशा हुतात्म्यांच्या घरातील स्त्रियांचे पुढील आयुष्य मात्र सार्वजनिक स्मृतीचा विषय झाले नाही.

तुलनेसाठी शेजारच्या तेलंगणाकडे पाहता येईल. स्त्री शक्ती संघटनेने तेलंगण सशस्त्र लढ्यातील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९८६ मध्ये त्यांचा तेलुगू ग्रंथ सिद्ध केला व १९८९ मध्ये तो इंग्रजीत आला. शस्त्र घेऊन लढलेल्या या स्त्रियांना लढा संपल्यावर पुन्हा घराकडे वळवण्यात आले, ही वेदना त्या मुलाखतींतून पुढे आली. चळवळीतील सहभाग आणि चळवळीनंतरचे स्थान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यामुळे प्रथमच ठळकपणे लक्षात आले.

४. पोलिस कारवाईनंतर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली आणि मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी राज्यपाल झाले. रझाकारांची संघटना मोडली. लष्करी उद्दिष्टाच्या दृष्टीने ही कारवाई अत्यंत वेगाने यशस्वी झाली, यात शंका नाही. बहुसंख्य जनतेसाठी ती मुक्ती होती, हेही निर्विवाद आहे.

परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक ठिकाणी सूडाचा उद्रेक झाला. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानातील १६ पैकी ९ जिल्ह्यांत प्रवास केला. त्यांच्या अहवालात पोलिस कारवाईदरम्यान व नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे होते. या आकड्यांविषयी मतभेद आहेत. तथापि स्त्रियांचे अपहरण, बलात्कार, सक्तीचे धर्मांतर आणि विधवा व अनाथांचे हाल यांविषयी अहवालातील नोंदी दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत. त्याच अहवालात आपला जीव धोक्यात घालून मुसलमान स्त्री-पुरुषांना वाचवणाऱ्या हिंदू शेजाऱ्यांचाही गौरवाने उल्लेख आहे. हा अहवाल दशकानुदशके अप्रकाशित राहिला. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना खुला झाला.

येथे लिंगभाव दृष्टिकोनाची नेमकी गरज लक्षात येते. रझाकारांच्या हिंसेत हिंदू स्त्री, तर सूडाच्या हिंसेत मुसलमान स्त्री लक्ष्य झाली. रझाकारांशी तिचा व्यक्तिशः काही संबंध आहे की नाही हा प्रश्न कोणी विचारला नाही. 'त्यांची' स्त्री एवढीच तिची ओळख पुरेशी ठरली. कारवाईच्या योजनेत सैन्याच्या वाटा व शस्त्रे यांचा विचार होता. अधिकारपोकळीच्या काळात खेड्यापाड्यांतील स्त्रियांचे संरक्षण कोण करील, याचा त्या योजनेत पुरेसा विचार नव्हता.

५. कायदा, निवृत्तिवेतन आणि दप्तर

शासनाच्या पुढील दोन उपायांतही हीच उणीव आढळते. पहिला, डिसेंबर १९४९ चा अपहृत व्यक्ती पुनर्प्राप्ती कायदा. १ मार्च १९४७ ते १ जानेवारी १९४९ या काळात कुटुंबापासून दुरावलेल्या मुसलमान व्यक्तींना तो लागू होता. सोळा वर्षांखालील मुलगा आणि कोणत्याही वयाची स्त्री अशी अपहृत व्यक्तीची व्याख्या त्यात केली होती. प्रौढ स्त्रीला अल्पवयीन मुलाच्या पंक्तीत बसवून तिच्या इच्छेला गौण स्थान दिले गेले. उर्वशी बुटालिया तसेच रितू मेनन व कमला भसीन यांच्या १९९८ मधील ग्रंथांनी या धोरणाची चिकित्सा केली आहे. सप्टेंबर १९४८ हा काळ या कायद्याच्या मुदतीत येत होता. तरीही कायद्याचे क्षेत्र पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत, पतियाळा संघ व राजस्थान यांपुरतेच होते. हैदराबाद त्यात नव्हते. म्हणजे जेथे हा कायदा होता तेथे स्त्रीला तिचे मत विचारले गेले नाही, आणि येथे तर कायदाच पोहोचला नाही.

दुसरा उपाय म्हणजे स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन. केंद्राच्या १९७२ च्या योजनेने सहा महिन्यांचा कारावास ही प्रमुख अट ठेवली आणि स्त्रियांसाठी ती पुढे तीन महिन्यांपर्यंत शिथिल केली. ही सवलत स्वागतार्ह होती. मात्र मोजपट्टी तीच राहिली. तुरुंगाचा दाखला, अटकेचे वॉरंट किंवा फरारी म्हणून घोषणा हे पुरावे पुरुषांच्या सहभागाचे स्वरूप डोळ्यांपुढे ठेवून ठरले होते. भाकरीचा आणि निरोपाचा दाखला कोणत्याही दप्तरात मिळत नाही.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) लिंगभाव दृष्टिकोन म्हणजे दहशतवादविरोधी पथकांत काही स्त्रियांची भरती एवढाच नव्हे. हिंसेचा अर्थ स्त्रीच्या देहावरून लावण्याची समाजाची रीत ओळखणे, हे त्याचे पहिले कार्य होय.

(२) सशस्त्र कारवाईचे मोजमाप शरणागतीच्या दिवशी संपत नाही. त्यानंतरच्या काळात दोन्ही बाजूंच्या स्त्रियांचे काय झाले, हा मोजमापाचाच भाग असावा.

(३) स्त्रियांना केवळ रक्षणीय मानणारे धोरण त्यांच्याकडील माहिती, निर्णयक्षमता आणि शेजारधर्म यांना मुकते. १९४८ मध्ये ज्या घरांनी शेजाऱ्यांना लपवले, तेथे उंबरठ्याच्या आतील संमतीशिवाय ते शक्य नव्हते.

(४) आपल्या भागातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाचे काम तातडीने हाती घ्यावे. १९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या जवळ आहे. शिरड शहापूर, औंढा, वसमत, कुरुंदा या गावांतील हिंदू, मुसलमान, जैन, दलित अशा सर्व घरांतील स्त्रियांच्या आठवणी एकाच प्रश्नावलीने व सारख्याच आदराने नोंदवल्या जाणे आवश्यक आहे. एका बाजूच्या आठवणी जपून दुसरीच्या पुसल्या, तर तो इतिहास पुढील सूडाला इंधन पुरवील.

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. शरणागतीनंतरच्या आठवड्यांत विधवा झालेल्या व पळवून नेल्या गेलेल्या स्त्रियांनाही त्या दिवसाच्या इतिहासात स्थान मिळाले, तर मुक्तीची कल्पना अधिक व्यापक होईल आणि हिंसा रोखण्याच्या धोरणालाही आपल्या मातीतील आधार लाभेल.