सैनिक कुटुंबांतील मुलांचे कल्याण (ठाणे जिल्हा)

सेवारत व माजी सैनिक, वीरपत्नी व सैनिक विधवा यांच्या पाल्यांसाठी शासनातर्फे चालणारी निवास व शिक्षण साहाय्याची व्यवस्था. केंद्रात तिची सूत्रे केंद्रीय सैनिक बोर्डाकडे (पूर्वरूप १९१९), तर राज्यात पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे आहेत. कल्याण-डोंबिवलीतील कुटुंबांचे काम ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत चालते.

वसतिगृहे : सैनिकाची बदली झाली तरी मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये, या हेतूने विभाग राज्यात मुला-मुलींची स्वतंत्र वसतिगृहे चालवतो. प्रवेशात युद्धविधवांच्या पाल्यांना प्राधान्य असते.

शैक्षणिक साहाय्य : हवालदार व समकक्ष हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन पाल्यांना इयत्ता पहिलीपासून पदवीपर्यंत अनुदान मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून आहे; २०१९ मध्ये तिची मासिक रक्कम मुलींसाठी ३,००० व मुलांसाठी २,५०० रुपये झाली.

कार्यपद्धती : अर्ज ऑनलाइन भरतात, पडताळणी जिल्हा कार्यालय करते. डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, गुणपत्रिका व बँक पासबुक लागते. पाल्याचे नाव व जन्मतारीख सेवा अभिलेखात पार्ट टू ऑर्डरने (कौटुंबिक नोंदींचा लष्करी आदेश) नोंदलेली असावी. तेथे ‘सुनिता’ आणि शाळेत ‘सुनीता’ एवढ्या फरकानेही अर्ज अडू शकतो.

निधी : ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचे (१९४९ पासून) संकलन हा कल्याणकार्याचा प्रमुख आधार आहे. त्यातील नागरिकांचे योगदान थेट या मुलांच्या शिक्षणाला बळ देते.