शोधयंत्रांतील अग्रक्रमाचा प्रश्न : एक ऐतिहासिक विचार

एकाच विषयावरील दोन संकेतस्थळांपैकी एक शोधयंत्राच्या पहिल्या पृष्ठावर झळकते आणि दुसरे, मजकुराने सरस असूनही, मागे पडून राहते. असे का व्हावे, हा प्रश्न व्यापारी जसा विचारतो तसा तो आता संशोधनसंस्थांनाही विचारावा लागतो. त्याचे उत्तर बहुधा तांत्रिक उपायांच्या यादीने दिले जाते. परंतु हा क्रम ज्या कसोट्यांवर ठरतो त्या सर्व एकाच वेळी घडलेल्या नाहीत. भिन्न काळी, भिन्न अडचणींतून त्या निर्माण झाल्या आणि एकीवर दुसरीचा थर चढत गेला. म्हणून या प्रश्नाचा उलगडा कालक्रमाने करणे अधिक फलदायी ठरेल.

पहिली कसोटी शब्दांची होय. गेरार्ड साल्टन यांनी विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात यंत्राच्या साहाय्याने लेख शोधण्याचे जे प्रयोग केले, त्यांत प्रश्नातील शब्द आणि लेखातील शब्द यांचे साम्य मोजले जात असे. 1972 मध्ये कॅरन स्पार्क जोन्स यांनी असे दाखवून दिले की, जो शब्द थोड्याच लेखांत आढळतो तो निवडीला अधिक उपयोगी पडतो. सर्वत्र आढळणारा शब्द काहीच वेगळे सांगत नाही. डिसेंबर 1995 मध्ये सुरू झालेल्या अल्टाव्हिस्टाने महाजालावरील पृष्ठांचा संपूर्ण मजकूर शोधण्याची सोय केली, तीही मुख्यतः याच विचाराच्या आधारे. या पद्धतीत एक मूलभूत वैगुण्य होते. पृष्ठाची योग्यता पृष्ठाच्याच शब्दांवरून ठरू लागली की प्रत्येक जण स्वतःचा साक्षीदार होतो. साहजिकच लोक अपेक्षित शब्द पुनःपुन्हा, आणि कित्येकदा पार्श्वभूमीच्याच रंगात वाचकाला न दिसतील असे, लिहू लागले.

या अडचणीतून मार्ग निघाला तो संगणकाहून कितीतरी जुन्या परंपरेतून. 1873 मध्ये फ्रँक शेपर्ड यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात न्यायनिर्णयांच्या निर्देशांची सूची सुरू केली. एखाद्या निर्णयाचा आधार पुढे कोणी घेतला, हे वकिलांना तीवरून कळत असे. युजीन गारफील्ड यांनी हीच कल्पना 1955 मध्ये विज्ञानवाङ्मयासाठी मांडली आणि 1964 मध्ये तिला विज्ञान-उद्धरण-सूचीचे नियमित रूप दिले. 1976 मध्ये पिन्स्की आणि नारिन यांनी पुढचे पाऊल टाकले. निर्देश नुसते मोजू नयेत, तर निर्देश करणाऱ्याचे वजनही त्यांत धरावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

स्टॅनफर्ड येथील सर्गेय ब्रिन आणि लॅरी पेज यांच्या 1998 मधील निबंधात हे तत्त्व महाजालावरील दुव्यांना लागू झालेले दिसते. एका पृष्ठाने दुसऱ्यास दिलेला दुवा म्हणजे एक साक्ष. तिचे मोल साक्ष देणाऱ्याच्या मोलावर अवलंबून. ज्या पृष्ठाचे मोल दहा आहे त्याने दहा दुवे दिले तर प्रत्येकाच्या वाट्यास एक येतो, दोनच दिले तर पाच. प्रत्येकाचे मोल इतरांवर अवलंबून असल्याने ही गणना आकडे स्थिर होईपर्यंत फिरून फिरून करावी लागते. येथे आपल्या प्रश्नाचे पहिले खरे उत्तर मिळते : प्रतिस्पर्धी वर असतो तो पुष्कळदा स्वतःच्या लेखनामुळे नव्हे, तर इतर प्रतिष्ठितांनी त्याच्याकडे बोट दाखविल्यामुळे.

तथापि साक्षीला किंमत आली की खोटे साक्षीदारही उभे राहतात. दुव्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. 2005 मध्ये, ज्याची साक्ष धरू नये असा दुवा चिन्हांकित करण्याची सोय झाली. 2006 मध्ये बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ, यंत्राला एक आणि वाचकाला दुसरे पृष्ठ दाखविल्याबद्दल, गूगलने काही काळ सूचीतून काढून टाकले. 2011 मधील ‘पांडा’ या फेरबदलाने निःसत्त्व मजकुराला, तर 2012 मधील ‘पेंग्विन’ने कृत्रिम दुव्यांना खाली ढकलले. परस्परांना उद्धृत करून संशोधनाची प्रतिष्ठा वाढविणारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रकाराचे नवल वाटणार नाही. मोजमाप हेच ध्येय झाले की ते मोजमाप राहत नाही.

मराठीच्या संदर्भात एक भेद विशेष ध्यानात घ्यावयास हवा. युनिकोडच्या 1991 मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते. तरीही पुढे दीर्घकाळ अनेक मराठी संकेतस्थळे विशिष्ट टंकांच्या खाजगी संकेतांत लिहिली जात होती. वाचकाला तेथे ‘इतिहास’ दिसे, यंत्राला मात्र निरर्थक रोमन अक्षरे. छायाचित्ररूपाने चढविलेल्या जुन्या ग्रंथांची, अक्षरओळख झालेली नसेल तर, आजही हीच गत आहे. असे लेखन स्पर्धेत मागे पडलेले नसते. ते स्पर्धेत उतरलेलेच नसते.

शेवटचा प्रश्न न्यायाधीशाचा. जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल, असा इशारा ब्रिन आणि पेज यांनी 1998 च्या त्याच निबंधात दिला होता. आपल्याच खरेदी-सेवेला अनुचित अग्रस्थान दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने 2017 मध्ये गूगलला 242 कोटी युरोंचा दंड केला आणि 2024 मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायम केला. म्हणजे क्रम लावणारा स्वतःच स्पर्धक असू शकतो, ही केवळ शंका राहिलेली नाही.

यावरून चौकशीचा क्रम सुचतो. प्रथम, आपले पृष्ठ यंत्राला वाचता येते काय? दुसरे, वाचक ज्या शब्दांत विचारतो ते शब्द त्यात आहेत काय? तिसरे, प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने कोण साक्ष देतो, आणि का? चौथे, विचारणाऱ्याचे स्थळ व भाषा बदलल्यास क्रम बदलतो काय? आणि अखेरीस, क्रम लावणाऱ्याचा त्यात काही स्वार्थ आहे काय? विद्यापीठीय अभ्यासकाला ही चौकशी टाळता येणार नाही. कारण पुढील पिढीचा विद्यार्थी जे प्रथम पाहील, तेच प्रमाण मानण्याचा संभव फार आहे. अग्रक्रम हा सत्याचा पुरावा नव्हे. तो पुष्कळ साक्षींचा, आणि कधीकधी हितसंबंधांचा, परिणाम असतो. कोणत्याही साधनाची छाननी केल्याविना इतिहासकार ते स्वीकारीत नाही; हे साधनही त्याला अपवाद असू नये.