पुरुषांची उंच टाच : घोड्याच्या रिकिबीपासून बेंगळुरूच्या रस्त्यापर्यंत

१. प्रस्तावना

'त्याने घोड्याला टाच मारली' हे वाक्य आपण ऐतिहासिक कादंबऱ्यांत शेकडो वेळा वाचलेले असते. तेथे टाच म्हणजे स्वाराच्या पायाची टाच. पण बुटाला जी उंच टाच असते, जिला आज आपण 'हील' म्हणतो, तिचा जन्मही घोड्याच्या पाठीवरच झाला आणि ती आधी पुरुषांच्या पायात होती, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. आज उंच टाचेचा बूट म्हटला की स्त्रीचाच पाय डोळ्यांसमोर येतो. एखादा पुरुष असे बूट घालून बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवरून किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून चालू लागला, तर माना वळतात, कुणी हसते, कुणी फोटो काढते.

या पाठात आपण दोन प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत. पुरुषाची ही वस्तू स्त्रीची कशी झाली? आणि कोणी काय घालून रस्त्यावर यावे, हे ठरवते कोण?

सुरुवातीला एक भेद लक्षात ठेवा. संपूर्ण तळवा सारखाच उचललेला असेल तर ती 'उंच टाच' नव्हे. पंजापेक्षा टाच वर उचलली गेली तरच तिला उंच टाच म्हणायचे.

२. भारतीय पार्श्वभूमी : खडावा, वहाणा आणि जोडे

पायाखाली उंची घेण्याची कल्पना भारतात जुनी आहे. साधू, संन्यासी आणि कर्मठ ब्राह्मण यांच्या पायातील खडावा हे तिचे ठळक उदाहरण. लाकडी तळवा, खाली पुढे-मागे दोन आडव्या पट्ट्या आणि वर अंगठा व शेजारचे बोट यांच्यात धरायची खुंटी, अशी खडावेची रचना असते. पाय जमिनीच्या मळापासून आणि ओलाव्यापासून वर राहावा, कातड्याचा स्पर्श होऊ नये, हा तिचा हेतू. येथे उंचीचा संबंध सोवळ्याशी आहे, लिंगाशी नाही. मात्र खडावेत पुढची-मागची उंची सारखी असल्यामुळे आपल्या व्याख्येप्रमाणे ती उंच टाच ठरत नाही.

मुघल आणि दख्खनी चित्रांत सरदारांच्या पायांत वर वळलेल्या चोचीचे जोडे दिसतात. अनेकांची मागची बाजू उघडी किंवा दुमडलेली असते, कधी खाली लहानशी टाचही असते. जोडा असा सैल असण्यामागे राहणीची रीत आहे. बैठक जमिनीवर, गालिच्यावर. दरबारात, घरात, देवळात, मशिदीत शिरताना जोडे उंबऱ्याबाहेर काढायचे. जी वस्तू दिवसातून दहा वेळा काढायची, ती पायातून सहज सुटली पाहिजे. शिवाय जी वस्तू दाराबाहेरच राहते, तिच्यावर दरबारी प्रतिष्ठेचा इमला उभा राहू शकत नाही. युरोपात राजासमोरही बूट पायातच राहत. म्हणून टाचेला जे दरबारी वैभव तेथे मिळाले, ते येथे मिळाले नाही.

३. टाच आली घोड्यावरून

पश्चिम आशियात, विशेषतः इराणमध्ये, घोडेस्वारांच्या जोड्यांना उंच टाच असे. तिचे काम अगदी व्यावहारिक होते. दौडत्या घोड्यावरून बाण सोडायचा तर स्वाराला रिकिबीत उभे राहावे लागते. अशा वेळी पाय रिकिबीतून पुढे सरकला तर तोल गेलाच. टाच रिकिबीच्या कडेला अडकते आणि पाय जागच्या जागी राहतो.

रिकिबीतला पाय हा स्वाराच्या जिवाचा प्रश्न होता. बेंगळुरूच्याच इतिहासातले उदाहरण घ्या. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतले आणि हा प्रदेश शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागीर म्हणून आला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे येथे भोसल्यांचा अंमल होता. या शहाजीराजांचा मृत्यू रणांगणावर झाला नाही. १६६४ मध्ये आजच्या दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून तो झाला. सारे आयुष्य खोगिरावर काढलेल्या माणसाचीही ही गत, यावरून टाचेसारख्या साध्या युक्तीचे मोल कळावे.

१५९९ मध्ये इराणचा शाह अब्बास पहिला याने उस्मानी तुर्कांविरुद्ध मित्र मिळवण्यासाठी युरोपातील दरबारांकडे वकिलात पाठवली. त्या काळात युरोपात इराणी वस्तूंचे आकर्षण वाढले होते. इराणी घोडदळाची ख्यातीही होती. युरोपातील उमरावांनी ही टाच उचलली ती या वीरश्रीच्या वलयासाठी, असे अभ्यासक मानतात. कॅनडातील टोरोंटो येथील बाटा शू म्युझियमने २०१५ मध्ये पुरुषांच्या टाचेच्या इतिहासावर एक स्वतंत्र प्रदर्शन भरवले होते. संग्रहालयाच्या अभ्यासक एलिझाबेथ सेमेलहॅक यांनी हा इराणी धागा त्यातून सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवला.

४. दरबारातील लाल टाच

सतराव्या शतकात टाच घोड्यावरून उतरली आणि दरबारात शिरली. चिखलात, दगडी रस्त्यावर अशा बुटांनी चालणे अवघडच. पण ती गैरसोय हीच तिची शान ठरली. ज्याला कष्ट करावे लागत नाहीत, फार चालावे लागत नाही, त्यालाच असे बूट परवडणार.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळात टाचेला लाल रंग मिळाला. १७०१ मध्ये इयासिंत रिगो या चित्रकाराने काढलेले त्याचे प्रसिद्ध चित्र पाहा. राजाने झगा बाजूला सारून पाय पुढे केला आहे, तंग मोज्यांतील पोटऱ्या दिसत आहेत आणि बुटाच्या टाचा लालभडक आहेत. आजच्या प्रेक्षकाला ही ऐट 'बायकी' वाटेल. त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात पौरुष आणि सत्ता दिसत होती. चित्र तेच आहे, पाहणारी नजर बदलली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने चित्राचा साधन म्हणून वापर करताना हा फरक कायम ध्यानात ठेवावा.

याच शतकात युरोपातील स्त्रियांनी पुरुषी टोप्या आणि पुरुषी धाटणीचे कपडे वापरायला सुरुवात केली होती. टाचही त्यांनी पुरुषांकडूनच घेतली. म्हणजे स्त्रीने टाच घातली ती पुरुषासारखे दिसण्यासाठी.

५. पुरुषांनी टाच का सोडली?

अठराव्या शतकात प्रबोधनाच्या विचारांबरोबर पुरुषत्वाची कल्पना बदलली. पुरुष म्हणजे विवेकी, कामसू, साधा. नटणे, मुरडणे, रंग आणि झालर हे स्त्रीचे क्षेत्र. शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील पुरुषांच्या पायातून उंच टाच जवळजवळ नाहीशी झाली. मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लूगेल याने १९३० मध्ये या बदलाला 'पुरुषांचा महान त्याग' असे नाव दिले. नटण्याचा हक्क पुरुषाने सोडला आणि त्या बदल्यात 'आम्ही गंभीर, म्हणून राज्यकारभार आमचा' हा दावा पक्का केला. ज्या स्त्रीकडे नटणे सोपवले, तिला त्याच कारणाने उथळ ठरवून सत्तेबाहेर ठेवले गेले.

पुढे विसाव्या शतकात टाच पुरुषाच्या पायात अधूनमधून परत आली. अमेरिकन काउबॉयच्या बुटांना ती होतीच, कारण तेथेही घोडा होता. १९७० च्या दशकात जाड तळव्यांचे, उंच टाचांचे बूट जगभर तरुणांनी घातले. भारतातही हिंदी चित्रपटांतील नायकांमुळे बेलबॉटम आणि त्याखाली ठोकळ्यासारखी टाच हा शहरी तरुणांचा वेष झाला. घरातील जुने फोटो काढून पाहा. वडिलांच्या किंवा आजोबांच्या लग्नाच्या आसपासच्या एखाद्या फोटोत बेलबॉटमच्या घेराखाली दोन-अडीच इंचांची टाच सापडण्याचा संभव आहे. त्या काळी त्यांना कोणी 'बायकी' म्हटले नाही.

आजही पुरुषाच्या ऑफिसच्या बुटाला साधारण इंचभर टाच असतेच. उंची वाढवून दाखवणारे, आतून टाच लपवलेले बूटही बाजारात मिळतात. समाजाचा आक्षेप उंचीला नसून ती दिसण्याला आहे. लपवलेली टाच चालते, दिसणारी चालत नाही.

६. पायातील वहाण आणि सत्ता

पायात काय घालावे यावर सत्तेची नजर असणे भारताला नवे नाही. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण स्त्रियांना आणि खालच्या मानलेल्या जातींना त्यांची 'जागा' दाखवण्यासाठी वापरली गेली. अनेक गावांत दलितांना सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. वहाणा तयार करणारे हात त्यांचेच होते, तरी त्या घालून चालण्याचा हक्क त्यांना नव्हता.

ब्रिटिशांनी यात आपली भर घातली. १८२०च्या दशकात गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्ट याने भारतीयांनी आपल्यासमोर जोडे काढून यावे असा आग्रह धरला. १८६२ मध्ये मुंबई इलाख्यातील सुरत येथे माणकजी कावसजी एंटी या पारशी असेसरांनी सत्र न्यायाधीशांच्या कोर्टात जोडे काढण्यास नकार दिला आणि ते प्रकरण गाजले. वाद वरवर जोड्यांचा, पण मूळ प्रश्न मानाचा होता.

७. रस्ता आणि कायदा

वेषाचा प्रश्न टिंगलीपुरता राहिला नाही, तो तुरुंगापर्यंत गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात किंवा स्त्रीचे दागिने घालून रस्त्यावर दिसली, तर तिला वॉरंटशिवाय अटक करता येई आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. घरात असतानाही, रस्त्यावरून दिसावे या हेतूने असा वेष केला तर तो गुन्हा ठरे. गुन्हा होता तो दिसण्याचा.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात १३२९ फसलीमध्ये, म्हणजे १९१९ च्या सुमारास, याच धर्तीचा कायदा झाला. मराठवाडा आणि आजच्या कर्नाटकातील बिदर, कलबुर्गी, रायचूर हे भाग तेव्हा याच संस्थानात होते. तेलंगणात हा कायदा पुस्तकात टिकून राहिला. तेथील उच्च न्यायालयाने तो अखेर जुलै २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

बेंगळुरूतही या विचाराची सावली पडली. २०११ मध्ये कर्नाटक पोलीस अधिनियम, १९६३ मध्ये कलम ३६-अ घालण्यात आले. संशयित तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. १८७१ ची भाषा स्वतंत्र भारतात १४० वर्षांनी परतली होती. विरोधानंतर २०१६ मध्ये दुरुस्ती करून त्या समूहाचा उल्लेख कलमातून काढण्यात आला. त्याआधी, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात म्हटले होते की आपली लिंगओळख वेष, शब्द, कृती यांतून व्यक्त करणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) खालील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे.

येथे एक खबरदारी घ्या. उंच टाच घालणारा प्रत्येक पुरुष तृतीयपंथी किंवा समलिंगी असतो, असे नाही. कुणाला ती फक्त आवडते. पण ज्या नजरेने त्याला हटकले जाते, ती नजर या कायद्यांच्या काळातच घडली आहे.

८. बेंगळुरू : पूजेची रात्र आणि रस्त्याचा दिवस

बेंगळुरूच्या जुन्या पेठेत दरवर्षी चैत्र पौर्णिमेच्या रात्री करग उत्सव होतो. धर्मराय स्वामी मंदिरातून निघणारा करग वाहण्याचा मान तिगळ समाजातील पुरुषाला असतो. तो साडी नेसतो, बांगड्या भरतो, मोगऱ्याच्या फुलांनी सजतो, कारण त्या रात्री तो द्रौपदीचे रूप असतो. मस्तान साहेबांच्या दर्ग्यापाशीही करग थांबतो. लाखो लोक हात जोडतात, कोणी हसत नाही. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांना जो मान मिळाला, तोही स्त्रीरूपालाच होता. म्हणजे पुरुषाच्या अंगावरील स्त्रीवेष आपल्या समाजाला अनोळखी नाही. देवाच्या नावाने किंवा रंगमंचावर तो चालतो. मात्र तोच वेष एखाद्याने सकाळी बसस्टॉपवर, स्वतःच्या नावाने घातला, तर चालत नाही.

२९ जून २००८ रोजी बेंगळुरूत पहिली प्राइड मिरवणूक निघाली. त्या दिवशी काहींनी ओळख लपवण्यासाठी मुखवटे घातले होते. पुढच्या वर्षांत मुखवटे कमी होत गेले. या मिरवणुकांत साडी, घागरा, उंच टाचा घातलेले पुरुष भर दिवसा, पोलिसांच्या बंदोबस्तात चालताना दिसतात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढल्यावर त्यांना आणखी बळ आले. तरीही मिरवणूक वर्षातून एकदाच असते. दुसऱ्या दिवशी तीच टाच घालून मेट्रोत चढणे ही वेगळी परीक्षा असते, कारण तेव्हा सोबत हजारो लोक नसतात.

९. समारोप

टाच इराणी स्वाराकडून फ्रेंच राजाकडे, त्याच्याकडून स्त्रीकडे आणि मधूनच पुन्हा तरुण पुरुषाकडे गेली. या सगळ्या प्रवासात माणसाच्या पायाची हाडे बदलली नाहीत, बदलल्या त्या पुरुषत्वाच्या कल्पना. म्हणून 'हे पुरुषाला शोभत नाही' असे वाक्य कानावर आले, की कोणत्या काळातल्या, कोणत्या देशातल्या पुरुषाला, हे विचारण्याची सवय लावून घ्या. वेषावरून कुणाला हसणे आणि वेषावरून कुणाला कैद करणे यांत अंतर आहे खरे. पण या पाठात आपण पाहिले की ते अंतर कायद्याच्या एका कलमाने सहज ओलांडता येते.

स्वाध्याय

१. खडावा आणि उंच टाचेचा बूट यांच्या रचनेतील व हेतूतील फरक स्पष्ट करा.
२. चौदाव्या लुईचे १७०१ मधील चित्र ऐतिहासिक साधन म्हणून वापरताना कोणती काळजी घ्यावी?
३. १८७१ च्या कायद्यात 'दिसणे' हाच गुन्हा होता, हे विधान उदाहरणासह तपासा.
४. घरातील १९७० च्या दशकातील एक फोटो निवडा. त्यातील पुरुषांच्या पोशाखाचे वर्णन करा आणि तो पोशाख आज कोणाचा मानला जातो, ते लिहा.